आवाज धरायचं काम

१ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून मी फिल्म बनवायला शिकतो आहे. नाव घालताना वय एकोणपन्नास लिहिलं, तर शेजारचं पोरगं वाकून पाहू लागलं. मी कागद त्याच्याकडे सरकवला. नीट पाहून घे म्हटलं.

वर्ग कारंजात, एका शिकवणीवाल्याच्या माडीवर, शनिवारी आणि रविवारी. शिकवणारी आमची सपना. पुण्यात हेच शिकली, तिथंच काही वर्षं कामं केली, उन्हाळ्यात घरी आली आणि म्हणाली, आपल्याकडच्या पोरांना शिकवते. माडीच्या मालकाचं म्हणणं पडलं की एवढ्या थोड्या लोकांसाठी जागा उघडून देणं जमत नाही, आणखी एक नाव तरी आणा. सपनाची आई पंचफुला मला म्हणाली, "तुमीच जा ना. नाई तरी शनवारी आडतीवर बसून गप्पाच हानता."

म्हणून गेलो. धनजहून एसटीनं बापलेक एकाच सीटवर बसून गेलो. स्टँडवर उतरल्यावर ती पुढं चालू लागली, मी मागं. वर्गात मी तिला मॅडम म्हणायचं, हे ठरलं होतं. तिनं मला काय म्हणायचं, ते ठरलं नव्हतं. हजेरी घेताना ती माझ्या नावापाशी थांबली. बापाचं नाव तोंडातून निघेना. "अन् हे," एवढंच म्हणाली. मी हजर म्हटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

कामं वाटली. कॅमेरा संघदीपकडे. त्यानं लग्नांचं शूटिंग केलेलं आहे, म्हणून तो उभा राहतो तेव्हा लोक आपोआप बाजूला होतात. संस्कृती कॉलेजात आहे. ती प्रत्येक शॉटआधी क्लॅपची पाटी वाजवणार आणि नंतर कॉम्प्युटरवर तुकडे जोडणार. आवाज माझ्याकडे आला. मॅडम म्हणाल्या, "हे गावात विहाराचा भोंगा सांभाळतात. यायले आवाजातलं कळते."

भोंग्याचा आवाज चढवणं आणि उतरवणं, एवढंच मला येतं. पण वर्गात मॅडमला खोडू नये म्हणून बोललो नाही.

आमच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक मेलेला आहे. चित्र येतं, आवाज येत नाही. म्हणून आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर, लांब दांडीला बांधलेला माइक आणि माझ्या कानांवर हेडफोन. दांडीला बूम म्हणतात. माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपरं घालतात. मालकाच्या कुत्र्यानं ते पाहिलं आणि जिना उतरून गेलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बूम डोक्यावर धरून उभं राहायचं. माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ हवा, पण चित्रात दिसू नये, आणि त्याची सावली माणसाच्या तोंडावर पडू नये. आज तिन्ही चुका झाल्या. चौथी अशी की रस्त्यावरून कोणी "जय भीम, शेषरावभाऊ" म्हणालं आणि मी "जय भीम" म्हणालो. संस्कृतीनं पाटी खाली ठेवली.

"काका, शूटिंग चालू असलं की बोलाचं नसते," संघदीप म्हणाला.

"तो बोलला ना पण."

"तो बोलू द्या. तुमी बोलू नका."

जय भीमला उत्तर न देता मी आजवर कुठून गेलेलो नाही. हा अभ्यास मला जड जाणार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सामान सपनाजवळच असतं, म्हणून संध्याकाळी घरी सराव केला. अंगणात बूम धरून हेडफोन लावला. आपल्याच अंगणात एवढं काही चाललेलं असतं हे मला माहीत नव्हतं. तुरीच्या शेंगा एकमेकींना घासतात. म्हैस रवंथ करताना मधेच थांबते आणि विचार केल्यासारखी पुन्हा सुरू करते. मग मी दांडी फिरवली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली.

सपना आईला सांगत होती. पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघाली आहे. तिनं अर्ज केला आहे. तिनं शिकवलेल्या पोरांनी केलेली एक फिल्म त्यांना पाहिजे, वर्ष संपायच्या आत. ती आवडली तर बोलावतील. पंचफुला म्हणाली, "बाबाले सांग मंग."

"आताच नको. ते काईच बोलत नाहीत माय. नुसते पाह्यतात. अन् मंग माहा पाय निंगत नाही."

इथं मी हेडफोन काढला. रोज सकाळी पंचशील घेताना मी म्हणतो की न दिलेलं घेणार नाही. हे बोलणं मला कोणी दिलेलं नव्हतं. खिडकीपासून मी बराच लांब होतो, उघड्या कानांना ते आलंच नसतं. म्हणजे हात लांबवून घेतल्यासारखंच झालं.

आता मला ते माहीत आहे आणि माहीत असण्याचा हक्क नाही. त्यामुळे त्यावर बोलताही येत नाही.

मी बोलत नाही असं ती का म्हणाली, याचा विचार केला. बोलण्यासारखं काही नसतं म्हणून नसेन बोलत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फिल्म कशावर करायची, यावर वाद. संघदीपला खून पाहिजे होता. मॅडम म्हणाल्या, जे रोज समोर असतं आणि कोणी पाहत नाही ते दाखवा. माडीच्या खाली समोरच निजामुद्दीनभाईचं गादी-रजईचं दुकान आहे. पिंजायचं मशीन, रुई, लांब सुई, सगळं रस्त्यावरून दिसतं. तेच ठरलं. निजामुद्दीनभाई माझ्या जुन्या ओळखीचा, आमच्या घरातल्या गाद्या त्याच्याच. विचारायला मलाच पाठवलं.

"पिच्चर? माहा? हिरोईन कोन हाय?"

"रजई."

"चालते. भारी भरलेली पाह्यजे पन."

मॅडमनी आज रंग सांगितला. कॅमेऱ्याला आधी एक पांढरी वस्तू दाखवून 'हे पांढरं' असं सांगावं लागतं, त्यावरून तो बाकीचे रंग ठरवतो. कागद सापडेना, तर संघदीपनं माझा सदरा दाखवला. नंतर पाहिलं तर निजामुद्दीनभाई, रुई आणि समोरची शेळी, सगळ्यांना कावीळ. मॅडमनी सदऱ्याला हात लावून पाहिला. पंचफुला पांढऱ्या कपड्यांना नीळ घालते. कॅमेऱ्यानं निळसर रंगालाच पांढरं मानलं आणि बाकी जगाला पिवळं केलं.

घरी पंचफुलाला सांगितलं. ती म्हणाली, "कॅमेऱ्यासाठी मी सदरा मळका ठेवू का?"

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस दुकानात होतो. मशीन चालू असतं तेव्हा निजामुद्दीनभाई भरभरून बोलतो. कोणत्या गावचा कापूस कसा, कोणाच्या लग्नात किती गाद्या, कोणत्या जावयाला गादी टोचली. पण मशीनच्या आवाजात माझ्या हेडफोनमध्ये फक्त मशीन येतं. मॅडमनी मशीन बंद करायला सांगितलं. मशीन बंद झालं आणि तोही बंद झाला.

"चाचा, बोला ना," संस्कृती म्हणाली.

"काय बोलू? मशीन तं बंद हाय."

असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी चहा आला, सगळ्यांनी सामान खाली ठेवलं, तेव्हा त्यानं नागपूरच्या एका गिऱ्हाइकाची इतकी चांगली गोष्ट सांगितली की संघदीप डोकं धरून बसला.

जाताना मॅडमनी दुकानातली नुसती शांतता भरून घ्यायला लावली. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि तुकडे जोडताना ती फटींत भरायला लागते. सगळ्यांनी न हलता उभं राहायचं. मला हे काम फार आवडलं. पोरांना पायाला मुंग्या येतात. निजामुद्दीनभाईनं हळूच विचारलं, "काय भरून राह्यले?"

"शांतता."

"मंग मी दुकान बंद करून जाऊ?"

पुन्हा भरावी लागली.

६ डिसेंबर, शनिवार

आज महापरिनिर्वाण दिन, वर्ग नाही. विहारात दिवसभर लोक होते. भोंग्यावर बसलो. पोरांनी पांढरे कपडे घातले होते, बहुतेकांच्या कपड्यांना नीळ.

सपना आईजवळ बसली होती. तिकडं दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा तिनं मान वळवली. पाहू नये हे लक्षात आलं, तर मग कुठं पाहावं ते कळेना.

१३ डिसेंबर, शनिवार

रेकॉर्डिंग आलं नाही. आज लिहवत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

काल शेवटचं शूटिंग होतं. निजामुद्दीनभाईचं मनमोकळं बोलणं अजून एकही मिळालेलं नव्हतं. तो मशीनवर, संघदीप कॅमेऱ्यावर, मी बूम धरून. दुपार कलताना मशिदीतून अजान सुरू झाली. निजामुद्दीनभाईनं नेहमीसारखं मशीन बंद केलं. मीही नेहमीसारखं केलं. आमच्या गावात वंदनेच्या वेळी अजान आली तर मी विहाराचा भोंगा शून्यावर आणतो आणि ती संपली की परत चढवतो. वडिलांच्या काळापासून हे असंच आहे, कोणी सांगितलेलं नाही. आमच्या मिरवणुकीच्या दिवशी मशिदीपुढचा रस्ता त्यांची पोरं झाडून ठेवतात, तेही कोणी सांगितलेलं नाही. तर माझा हात रेकॉर्डरच्या बटणावर गेला आणि ते शून्यावर आलं. हेडफोनही गळ्यात घेतला.

अजान संपली. निजामुद्दीनभाईनं मशीन सुरू केलं नाही. वर फळीकडे पाहिलं. तिथं एक जाडजूड रजई पडलेली आहे, तिच्याकडे. आणि बोलायला लागला. त्याची मुलगी आरजू नागपूरला दवाखान्यात नर्स म्हणून गेली, त्याबद्दल. तो हळू बोलत होता. संघदीप लांब रस्त्याच्या कडेला, झूम लावून कॅमेऱ्यावर. मॅडम लांब दारात उभ्या, गाडीवाल्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून हात करत होत्या. संस्कृती त्यांच्याजवळ. बोलणं जवळून ऐकलं ते मीच, उघड्या कानांनी. इतकं नीट ऐकत होतो की हेडफोन गळ्यातच राहिला. बटणही शून्यावरच राहिलं.

संघदीप "कट" म्हणाला आणि नाचायलाच लागला. मॅडमनी माझ्या हातातून रेकॉर्डर घेतला. आवाज असला की पडद्यावरची रेघ वर-खाली होते. ती सरळ होती, नांगराच्या नुकत्या धरलेल्या तासासारखी.

"काका, हे काय केलं तुमी!" संघदीप म्हणाला. मग त्याला वाईट वाटलं आणि तो स्टँडचे पाय आवळत बसला.

मॅडम म्हणाल्या, "होते असं." आणि दुसऱ्या दिशेला वळून वायर गुंडाळायला लागल्या. वायर आधीच गुंडाळलेली होती.

एसटीत आम्ही एकाच सीटवर बसलो. तिनं खिडकी घेतली.

१६ डिसेंबर, मंगळवार

हरभऱ्याला पाणी दिलं. काम हाताचं होतं, डोकं मोकळं होतं, त्यामुळे वाईट झालं.

भोंगा उतरवायची मला सवय आहे. पण चढवायचीही तेवढीच जुनी सवय आहे. इतक्या वर्षांत उतरवलेला भोंगा चढवायचा राहिला असं एकदाही झालेलं नाही. मग शनिवारी एक सवय चालली आणि दुसरी का चालली नाही?

ही फिल्म चांगली झाली तर ती जाणार, हे मला माहीत होतं. तिथं उभ्या असलेल्या लोकांत ते माहीत असलेला मी एकटा होतो. म्हणजे तिच्याशिवाय.

भंतेजी सांगतात, चेतना हेच कर्म. हातानं काय केलं ते नंतर, मनानं काय केलं ते आधी. मी मनात खूप शोधलं. निजामुद्दीनभाईचं बोलणं गोड लागलं म्हणून विसरलो, असं एकदा सापडलं. पुन्हा शोधलं तेव्हा काहीच सापडलं नाही, आणि ते जास्त वाईट वाटलं.

पंचफुलाला विचारलं, "माह्या हातून मुद्दाम झालं असन काय?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मुद्दाम काहून करसान तुमी?"

कारण सांगता आलं नाही. ते चोरीचं आहे.

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. भाकरी करपली. आमच्याकडे भाकरी सहसा करपत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

वर्गाच्या आधी एकटाच निजामुद्दीनभाईकडे गेलो. चूक सांगितली.

"म्हनजे माहं तोंड हाललं अन् आवाज नाही?"

"नाही."

"अजानच्या पायी?"

"हो."

तो हसायला लागला. आत शिवत बसलेल्या बायकोला हाक मारून सांगितलं, "सरवरी, ऐक. शेषरावनं अजानले मशीन बंद केलं, अन् माहाच आवाज गेला." ती आतून म्हणाली, "अच्छा हुआ. घर में भी किसी दिन ऐसा करो."

मी म्हटलं, पुन्हा एकदा बोलशील का? त्याचं हसणं थांबलं. तो म्हणाला, "नाई ना भाऊ. ते निंगालं होतं तोंडातून. आता काढाले गेलो तं नाटक होईन. मले येत नाही नाटक."

"माह्या कानात हाय ते. सगळंच्या सगळं."

"मंग तूच बोल ना. तोंड माहं हाललंच हाय, आवाज तू दे."

"तुहं बोलणं मी कसं घेऊ?"

"अबे, मी देऊन राह्यलो ना."

दिलेलं आहे म्हटल्यावर अडचण राहिली नाही.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, त्याच्या चित्रावर तुमचा आवाज नीट बसणार नाही, ओठ जुळणार नाहीत. संस्कृती म्हणाली, नाही तरी दुसरं काय आहे आपल्याजवळ? उद्या करायचं ठरलं.

२१ डिसेंबर, रविवार

माडीवर खिडक्यांना गाद्या लावल्या. निजामुद्दीनभाईनंच दिल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पोरांना मॅडमनी खाली रस्त्यावर उभं केलं, गाड्या थांबवायला. आत आम्ही दोघंच. आज मी बोलणार म्हणून बूम मॅडमनी धरला आणि हेडफोनही त्यांनीच घातला. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

मॅडम म्हणाल्या, पाठ केल्यासारखं नको, आठवून आठवून बोला, तो बोलला तसं 'मी' म्हणूनच बोला. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"पोरगी नागपूरले चालली, तं म्हनलं तिची रजई मीच भरतो. हातानं पिंजलेली रुई घेतली. भरली. मनात आलं, तिकडं थंडी लय असन. अजून भरली. मंग मनात आलं, तिले रातपाळी असन, अंग गार पडन. अजून भरली. ते वरडली, अब्बा, बस झालं. मी म्हनलं, बस झालं कसं? सुई पार होईना एवढी जाड झाली, तरी शिवली. स्टँडवर नेली तं दोघं मिळून बी ते गाडीत चढेना. कंडक्टर म्हने, हे सामान हाय का मानूस? ते गेली, अन् रजई मी डोक्यावर घेऊन वापस आलो. तिथी फळीवर हाय. गिऱ्हाईक मांगते, मी देत नाही. मले काई काई वेळा वाटते, ते उचलली जाऊ नये म्हनूनच मी भरत राह्यलो का काय. मी तिले जाय म्हनलं नाही. राह्य म्हनलं नाही. नुसती रुई भरत राह्यलो."

इथं त्याचं बोलणं संपलं होतं. मला थांबायचं होतं. पण आवाज चालूच होता, तो माझाच होता, आणि एक वाक्य पुढं गेलं:

"तू पुण्याले जाय बाई. इथलं आमी पाहून घेतो."

वाक्य संपल्यावर थोडा वेळ कोणी हलायचं नसतं, कापायला जागा लागते. आम्ही हललो नाही. ते जरा लांबलं. डोळे उघडले तेव्हा बूम हळूहळू खाली येत होता आणि माझ्या कपाळाला लागला.

"आरजू नागपूरले गेली होती, बाबा," सपना म्हणाली.

"हो. चुकलं. पुन्हा म्हनतो, नागपूर म्हनतो."

"नको."

"पन निजामुद्दीन असं काई बोललाच नाही. ते शेवटचं काढून टाक."

"माहीत हाय मले. तिथी त्याचे ओठ मिटलेले हायेत. तुमचा आवाज मिटलेल्या ओठांवर जाईन."

"मंग चूक दिसन सगळ्यायले."

"दिसू द्या," ती म्हणाली. हेडफोन काढला नाही. रेकॉर्डर मागं नेऊन तेवढंच वाक्य पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा ऐकलं. मला तिथं ऐकण्यासारखं काही विशेष वाटलं नाही. आवाज जरा घोगराच आला होता.

पोरं खालून ओरडली, गाड्या सोडू का? ती म्हणाली, थांबा अजून.

दिसणारी चूक फिल्ममध्ये तशीच ठेवायची, हे या शिक्षणातलं मला अजून नीट कळलेलं नाही.